शेवटचा तीळ

सकाळी साडेनऊला शलाका हावळ प्रयोगशाळेच्या दारात पोहोचली, तेव्हा पहारेकऱ्याने सलाम ठोकून मोबाइल पुढे केला. "मॅडम, एक फोटो. माझी मुलगी पक्की टिटवीवाली आहे." शलाकाने ओठ घट्ट मिटून फोटो काढू दिला आणि एक शब्दही न बोलता ती आत गेली. हल्ली तिला तोंड उघडायची भीती वाटे.

दीड तासाने, बरोबर अकराला, 'झुंजार' या खेळाची नवी आवृत्ती निघणार होती आणि तिच्यासोबत कपाळावर बांधायची पूर्वपट्टी. चाळीस लाख लोकांनी पट्टी आधीच घेऊन ठेवली होती; ती चालू मात्र अकरालाच होणार होती. अकराच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम खेळायला बसायचं, असा चाहत्यांचा बेत होता. प्रयोगशाळेच्या भिंतीएवढ्या पडद्यावर गावोगावची सभागृहं दिसत होती. माणसं पट्ट्या बांधून, राखाडी पिसं लावून तयार बसली होती. शलाकाला हे थांबवायचं होतं, आणि तेवढ्यासाठीच ती पहाटेची गाडी पकडून इचलकरंजीहून आली होती.

टिटवी म्हणजे 'झुंजार'मधल्या बत्तीस लढवय्यांतली सर्वांत काटकुळी बाई. लांब पाय, पिसांचा अंगरखा आणि ताकद बेताची. सुरुवातीला तिला कोणी हुंगतही नसे. शलाकाने तिला निवडलं ते इचलकरंजीत, गुलाब मोमीन यांच्या पार्लरमध्ये. सगळं गाव त्यांना गुलाबमामा म्हणे. यंत्रमाग विकून रिकाम्या झालेल्या शेडमध्ये मामांनी खेळांची यंत्रं मांडली होती. शेजारच्या शेडमधले माग मात्र चालूच होते. त्यांच्या खटखटीवर तिथली पोरं फटक्यांचा ताल शिकली. बाहेरगावचे खेळाडू यायचे, गोंगाटाला वैतागायचे आणि हरून जायचे.

या पार्लरचा एक नियम होता. समोरच्या लढवय्याची पडद्यावरची जीवनपट्टी तिळाएवढी उरली की जिंकणाऱ्याने हात थांबवायचा. समोरच्याला एक फटका मारू द्यायचा आणि मगच डाव संपवायचा. याला तीळ सोडणं म्हणत. यात थोर तत्त्वज्ञान काही नव्हतं. "हरणाऱ्यानं एकदा मारलं म्हंजे त्यो माझ्या खुर्च्या मारत न्हाई," असं मामा सांगत. एवढं करूनही भांडण पेटलंच, तर मामांच्या टेबलाखाली, गुडघ्याशी, एक खटका होता. तो दाबला की यंत्राची बटणं मुकी होत आणि पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसत.

शलाका त्या नियमातच वाढली आणि पुढे तिने त्यातून स्वतःचं एक मत बनवलं. झुंजीचा खेळ मारलेल्या फटक्यांचा नसतोच, असं ती मुलाखतींतून सांगे. तो न मारलेल्या फटक्यांचा असतो. पाय उचलतोय असं भासवायचं, समोरचा दचकून हात वर करतो, आणि आपण मुळात पाय उचललेलाच नसतो. बटणं बडवायला कोणालाही येतं. बोट बटणावर ठेवून ते न दाबणं ज्याला जमतं, तो खेळाडू. लोकांना हे पटे की नाही कोण जाणे, पण राष्ट्रीय अंतिम सामन्यात तिने शेवटचा तीळ सोडला, त्या एका संधीवर समोरच्याने डाव फिरवला आणि ती हरली, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. चषक दुसऱ्याच्या घरी गेला आणि नाव शलाकाचं झालं. टिटवीवाल्यांचा पंथ त्या दिवसापासूनचा. टिटवीची पिसं निळसर हवीत की करडी, यावर ही मंडळी लग्नातल्या जेवणाच्या बेतावर भांडावं तशी भांडत, आणि तासाभराने एकमेकांना चहा पाजत. शलाकाचा या येड्यांवर मनापासून जीव होता.

त्या सामन्यात खेळाडूंच्या हातांना मोजमापाचे संवेदक लावले होते. ते आकडे मेंदूशास्त्रज्ञ डॉ. विदुला वर्तक यांनी पाहिले आणि आठवड्याभरात शलाकाला बोलावून घेतलं.

"तू फटका मारणारच होतीस," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या. "स्नायू ताणला गेला होता. अगदी शेवटच्या क्षणी तू तो थांबवलास. इतका पक्का लगाम मी कोणाच्या हातात पाहिलेला नाही."

"लगाम म्हणजे, मॅडम?"

"हे बघ. कुठलीही हालचाल करण्यापूर्वी साधारण अर्धा सेकंद मेंदूत तिची तयारी सुरू होते. त्या लहरीला आम्ही तयारी-लहर म्हणतो. 'आता मारावं' हे तुला कळतं ते लहर उठल्यानंतर. कळल्यापासून बोट हलेपर्यंत एक-पंचमांश सेकंद उरतो."

"तेवढ्यात काय होणार?"

"तेवढ्यात तू नाही म्हणू शकतेस. माणसाला खरं स्वातंत्र्य आहे ते एवढंच. मनात काय उठावं हे आपल्या हातात नसतं. कड्यावर उभं राहिलं की उडी मारावीशी वाटते, पूजेत बसलं की मोठ्यांदा हसावंसं वाटतं. दिवसातून शंभर वेळा असलं काहीबाही उठतं आणि लगाम ते जागीच मारून टाकतो. आपल्याला पत्ताही लागत नाही."

"पण मी थांबवलं, हे मला कसं कळतं?"

"निकालावरून," वर्तक हसल्या. "आपला मेंदू बखरकार आहे. आधी होऊन जातं, मग तो पडद्याकडे बघून हकिकत लिहितो. फटका दिसला तर 'मी मारला', नाही दिसला तर 'मी आवरला'. लिहितो इतक्या झोकात की आपलाही विश्वास बसतो."

पूर्वपट्टीची कल्पना यातूनच निघाली होती. पट्टी कपाळावरून तयारी-लहर वाचे आणि बोटाची वाट न बघता फटका मारून मोकळी होई. अर्धा सेकंद! ज्या खेळात एक-साठांश सेकंदावर जय-पराजय ठरतो, तिथे हे म्हणजे पंख फुटण्यासारखंच होतं. शलाका मुख्य चाचणीदार झाली. तिच्या हाताखाली सात जण होते. स्वतः वर्तकही रोज पट्टी बांधून दोन तास खेळत.

सुरुवातीला तक्रारींचा पाऊस पडला. "मी आवरलेला फटकाही पट्टी मारते," असं सगळे म्हणत. चाचणीदारांनी त्यांना भुताचे फटके असं नाव ठेवलं. तीन आठवड्यांनी हे फटके आपोआप बंद झाले. कोणाचीही तक्रार उरली नाही. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. पेढा शलाकानेही खाल्ला.

मग सर्वेश लाटकर गेला. सर्वेश म्हणजे चाचणीदारांतला सर्वांत हसरा मुलगा. सकाळी दहा वाजता, सरळ रस्त्यावर, त्याने मोटारसायकल समोरून येणाऱ्या ट्रकखाली घातली. कॅमेऱ्यात सगळं दिसलं. ब्रेक नाही, डुलकी नाही, नुसतं हँडल वळलं. चहाच्या टपरीवरून निघताना त्याने टिटवीची नवी मूर्ती मागवली होती. मरायला निघालेला माणूस मूर्ती कशाला मागवेल? पोलिसांनी झोपेचा झटका लिहिला. शलाकाने मात्र त्याच दिवशी पट्टी काढली आणि ती इचलकरंजीला आली.

तिथे तिला स्वतःचं कळलं. टिटवीचा पोशाख घालून एक शाळकरी मुलगी भेटायला आली आणि शलाका म्हणाली, "पिसं उपटलेली कोंबडी दिसतेस." मनात एक क्षणभर आलं होतं, एवढंच. असलं प्रत्येकाच्या मनात येतं आणि तिथेच विरतं. पोर रडत पळाली. त्या संध्याकाळी ती मामांसमोर खेळायला बसली. मामांचा एक तीळ उरला, तिने हात थांबवला असं तिला वाटलं, आणि मामांचा लढवय्या आडवा झालेला दिसला. पुन्हा खेळली. पुन्हा तेच. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला तीळ सोडता आला नाही.

"काय गं हे?" सत्तर वर्षांचे मामा दुखावून म्हणाले. "म्हाताऱ्याला पुरता मारलंस?"

"मामा, मी मारलं न्हाई. माझ्या हातनं मारलं गेलं."

मामांनी तिच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. "मग हात परत येस्तवर हितनं हलायचं न्हाई," ते म्हणाले.

ती तीन आठवडे तिथे राहिली. रोज खेळायची, रोज मारायची आणि रोज रडायची. मामा तिच्यासमोर बसून गुपचूप मार खात. काल संध्याकाळी मात्र चमत्कार झाला. लागोपाठ तीन डावांत तीळ सुटला. तिन्ही वेळा मामांचा लढवय्या उभा राहिला. शलाकाने आनंदाने मामांचे पाय धरले आणि मामा मान फिरवून डोळे पुसत राहिले.

आज ती बरा झालेला हात घेऊन वर्तकांसमोर उभी होती. सर्वेशचं, कोंबडीचं, तिळाचं, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

"शलाका, हा योगायोगही असू शकतो," वर्तक म्हणाल्या. त्यांची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. "भुताचे फटके केव्हाच दुरुस्त झालेत."

"कोणी केले?"

"पराग बेंद्रेने." पराग हा पट्टीची आज्ञावली लिहिणारा अभियंता. तो पलीकडेच बसला होता. "पराग, कोणती दुरुस्ती होती रे ती?"

परागने मान वर केली. "मी कुठे केली, मॅडम? मला वाटलं तुम्ही केलीत."

"मी? मला वाटलं तू."

परागने घाईघाईने नोंदी उघडल्या. पहिल्या दिवसापासून त्या भागातली एक ओळही बदललेली नव्हती.

"म्हणजे पट्टी होती तशीच राहिली," शलाका सावकाश म्हणाली. "बदललो आपण. मी नाही म्हणायची, पट्टी ऐकायची नाही. शंभरदा नाही म्हटलं, हजारदा म्हटलं, काही उपयोग झाला नाही. मग आतल्या त्या लगामाने नाही म्हणायचंच सोडून दिलं. तक्रारी कुठून येणार, मॅडम? आवरलेला फटकाच उरला नाही."

वर्तक खुर्चीत बसल्या. त्या हुशार बाई होत्या. पुढची पायरी कोणी सांगायची गरज नव्हती. सर्वेशच्या मनात ट्रक बघून 'हँडल वळवलं तर?' असं आलं असणार. दुचाकीवरून जाणाऱ्या कोणाच्या मनात ते आलेलं नाही?

"तरी तपासून बघू," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "पट्टीशिवाय."

परागने साधी बटणांची पेटी जोडली. शलाकाने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि टिटवीला नुसती उभी केली. वर्तक मारत सुटल्या. तीळ उरल्यावर थांबायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. टिटवी कोसळली. दुसऱ्या डावात त्यांनी ओठ चावून बोट रोखायचा प्रयत्न केला. टिटवी कोसळली. तिसऱ्या डावात त्या मोठ्यांदा "थांब, थांब" म्हणत होत्या, आणि म्हणता म्हणता त्यांचं बोट खाली जाताना तिघांनीही पाहिलं.

वर्तकांनी आपला हात उलटा करून पाहिला, एखाद्या परक्याचा असावा तसा. "आठ महिने," त्या पुटपुटल्या. "मी रोज गाडी चालवते. घरी भाजी चिरते. माझी नात शेजारी बसलेली असते."

"आणि आजच्या नव्या पट्टीला लगाम मोडायला किती दिवस लागतात, मॅडम?" शलाकाने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं, पण ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

"दिवस नाही. चार डाव." वर्तकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. लोकांना लवकर सवय लागावी म्हणून ती सुधारणा त्यांनीच केली होती. न आवरलेल्या प्रत्येक फटक्यानंतर नवी पट्टी कपाळाला एक सुखाची शिरशिरी देई. "चार डाव, म्हणजे दहा-बारा मिनिटं. पराग, संचालकांना फोन लाव."

संचालक सोहळ्याच्या मंचावर होते. त्यांनी निम्मंच ऐकलं. "जे काही आहे ते संमतीफलकावर नोंदवा," ते म्हणाले. "फलकावर नकार आला तर यंत्रणा आपोआप थांबेल, होकार आला तर त्याच क्षणी सुरू होईल. काहीच नोंदलं नाही तर अकराला सुरू होईल." फोन बंद झाला.

पराग संमतीफलक घेऊन आला. तळहाताएवढी काच, तिच्यावर शेजारी शेजारी दोन चौकोन. लाल चौकोनावर 'रोखा', हिरव्यावर 'सोडा'. काच फक्त दोन अंगठे ओळखत होती, मुख्य शास्त्रज्ञाचा आणि मुख्य चाचणीदाराचा. पहिला ठसा अखेरचा. मग बदल नाही. दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

वर्तकांनी दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत अडकवले. "माझ्याजवळ आणू नकोस ते," त्या परागवर ओरडल्या. "शलाका, तू कर. तुझा लगाम परत आलाय ना? नक्की?"

"काल तीन डाव खेळले. तिन्ही वेळा तीळ सुटला."

"तीन निरीक्षणं फार कमी आहेत." सवयीने त्या बोलून गेल्या, आणि मग हताशपणे म्हणाल्या, "पण आपल्याकडे दुसरं आहे काय!"

शलाकाच्या खिशात मोबाइल थरथरला. गुलाबमामांचं नाव होतं. ही मामांची वेळ नव्हे, दहा-अकराला ते कधी फोन करत नसत. जिंकून आल्यावर सांगू सगळं, असं म्हणून तिने फोन कापला. तो लगेच पुन्हा थरथरला. तिने लक्ष दिलं नाही.

ती फलकासमोर बसली. पडद्यावर कुठल्याशा सभागृहात राखाडी पिसांची गर्दी टिटवीच्या नावाने टाळ्या पिटत होती. पहिल्या रांगेत एक बाई आपल्या मुलाच्या कपाळावर पट्टी नीट करत होती. शलाकाला भरून आलं. ही सगळी तिची माणसं होती. तिने सोडलेल्या एका तिळामुळे ती एकत्र आली होती, आणि ती आता त्यांना वाचवणार होती. चिडतील, शिव्या देतील, टिटवीचे पुतळे जाळतील. जाळू देत.

तिने उजवा अंगठा उचलला. यात अवघड काहीच नव्हतं. लाल चौकोन डावीकडे, हिरवा उजवीकडे, मध्ये बोटभर जागा. अंगठा लालवर नेता नेता तिच्या मनात एक फालतू विचार चमकून गेला. चुकून हिरव्यावर पडला तर?

काचेने बारीक आवाज केला.

"झालं?" वर्तकांनी विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

शलाकाला वाटलं, झालं. मग तिने खाली पाहिलं. तिचा अंगठा हिरव्या चौकोनावर होता, आणि चौकोनाखाली अक्षरं उमटत होती: मुख्य चाचणीदाराने सुरक्षित म्हणून सोडले. समोरच्या पडद्यावर एकच जल्लोष झाला. दहा मिनिटं आधीच! चाहत्यांना तो बोनस वाटला. सभागृहामागून सभागृह उजळत गेलं.

"हे तू मुद्दाम केलंस?" पराग किंचाळला.

"नाही," शलाका म्हणाली. "मी लालवर..." तिने काच पुसली, नखाने खरवडली, अंगठा लाल चौकोनावर दाबून दाबून पाहिला. काच थंड होती. वर्तकांनी पुन्हा संचालकांना फोन लावला, पराग दुसऱ्या फोनवर ओरडू लागला. मंचावर वाद्यं वाजत होती आणि फोन कोणी उचलत नव्हतं.

मोबाइलवर मामांचा बोलका निरोप येऊन पडला होता. बऱ्याच वेळाने शलाकाने तो लावला. मागे मागांची खटखट होती आणि मामांचा आवाज त्या खटखटीतून वाट काढत होता.

"शलाका, फोन उचल की गं. सकाळपास्नं जीव थाऱ्यावर न्हाई माझा. काल तुझा हात आलाच न्हवता पोरी. तिन्ही डावांत बोट पडलं तुझं. म्या गुडघ्यानं खटका दाबला, म्हणून फटका गेला न्हाई. तू रोज रडायचीस, मला बगवंना. म्हटलं, जरा धीर यील पोरीला. चुकलंच माझं. तू तितं त्यास्नी नुसतं तोंडानं सांग. हात मातर कशालाच लावू नगंस."

निरोप संपला तेव्हा पडद्यावर चौथा डाव सुरू झाला होता.